बोरी भरली की नळदुर्ग वाहतो

आभाळ निरभ्र आहे. सकाळचे साडेनऊ वाजलेत, पण ऊन आतापासूनच चटका देतंय. तरी नळदुर्ग किल्ल्याच्या दरवाजाबाहेर धबधबा बघायला आलेल्या गाड्यांची रांग थेट गावातल्या वळणापर्यंत पोचली आहे. एमएच-१३ सोलापूरच्या, एमएच-२५ धाराशिवच्या, एमएच-२४ लातूरच्या, मधूनच कलबुर्गीकडच्या केए पाट्या. भाद्रपदातला रविवार आहे. दुचाक्यांवर तिघं-तिघं बसून पोरं येतायत, टेम्पोतून अख्खी भावकी उतरतेय, आणि उतरल्या उतरल्या प्रत्येक जण कान टवकारतो.

दरवाजाच्या अलीकडे कणसं भाजत बसलेल्या मावशींना पाठीवर सॅक लावलेला एक पुणेकर मुलगा विचारतो, "मावशी, पाऊस तर दिसत नाही कुठं. धबधबा चालू आहे ना?"

"पावसाचं काय करायलाव आता?" मावशी पुठ्ठ्यानं निखारे फुलवत म्हणतात. "वर धरण भरलंय परवा रातच्याला. सांडव्यावरनं पाणी सुटलंय. जावा तुमी बिनघोर."

मुलगा गोंधळतो. त्याची चूक नाही. आंबोली, ठोसेघर, ताम्हिणी बघितलेल्या माणसाचा धबधब्याचा हिशोब सरळ असतो: ढग उतरले, पाऊस कोसळला, कडा वाहू लागला. जून संपता संपता तिकडे घाट पांढरे होतात. सोलापूरच्या भागात वर्षाचा सगळा पाऊस धरून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वरच्या एक दशांश. त्यातलाही मोठा वाटा परतीच्या वाटेवरचा, सप्टेंबरातला. इथं कुठलाही कडा पहिल्या सरीला वाहत नाही. बालाघाटाच्या पठारावरून निघालेली बोरी नदी आधी नळदुर्गच्या वरच्या अंगाला असलेलं धरण भरते. ते तुडुंब झालं की जास्तीचं पाणी खाली येतं, किल्ल्याला वळसा घालतं, किल्ल्यातल्या बांधामागे तटतं आणि मग बांधावरून दोन ठिकाणी खाली उडी घेतं. हेच नर-मादी धबधबे. त्यामुळे इकडची माणसं धबधब्याला निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघत नाहीत, धरणाची टक्केवारी बघतात.

सोलापूरहून येताना धरण भरल्याची खूण वाटेतच मिळत होती. हैदराबाद रस्त्यानं बोरामणी, इटकळ, अणदूर ओलांडताना दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडू लागलेलं, तूर कमरेएवढी झालेली आणि ओढ्यांमध्ये, जिथं वर्षातले दहा महिने नुसती वाळू असते तिथं, गढूळ पाणी चालतं होतं. सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता. घाट नाही, धुकं नाही, डोंगराची रांग नाही. सपाट माळ अचानक एका काळ्या तटाशी येऊन थांबतो.

दरवाजातून आत शिरताना पहिली गार झुळूक अंगावर येते. डाव्या-उजव्या हाताला बेसाल्टचे घडीव चिरे, एकावर एक इतके चपखल बसलेले की मधल्या चुन्याची रेघही शोधावी लागते. वाट सरळ नाही. ती मुद्दाम वळते, पुन्हा वळते, दोन्हीकडून उंच तट अंगावर येतात. हल्ला करणाऱ्याला इथं दाटीवाटीनं थांबावं लागावं, हा तिचा मूळ उद्देश. आज त्या दाटीत बाबागाड्या, डबे आणि पाण्याचे जार अडकलेत. ज्या अंगाला नदी नाही तिथं खंदक खोदलाय आणि बाकीच्या बाजूंनी नदीलाच राखणीला लावलंय. नदीचं पात्र वळवून किल्ल्याच्या आत घेतलं, असं इथं सांगतात. तटाला ११४ बुरूज आहेत. भुईकोटांच्या पंक्तीत एवढ्या पसाऱ्याचा किल्ला महाराष्ट्रात क्वचितच दिसतो.

आत आल्यावर गर्दी दोन भागांत फुटते. बहुतेक जण आवाजाच्या दिशेनं, थेट बांधाकडे पळतात. थोडे जण उपळी बुरुजाकडे वळतात. मी त्या थोड्यांत जातो, कारण पाणी कुठून येतं ते आधी बघितलं की ते पडताना जास्त कळतं.

उपळी बुरूज म्हणजे किल्ल्याच्या पोटातला उंच टेहळणीचा बुरूज. उघड्यावरच्या पायऱ्या, बाजूला आधार बेताचाच. माझ्यापुढे सोलापूरच्या पूर्व भागातलं एक कुटुंब चढतंय. आजी नातवाला तेलुगूत काहीतरी बजावते आणि मागे वळून मला मराठीत सांगते, "सावकाश या अण्णा, शेवाळ आहे." वर दोन लांबलचक तोफा पहुडल्या आहेत. हत्ती तोफ आणि मगर तोफ. नातू लगेच मगरीवर स्वार होतो आणि आजीचा तेलुगूतला आवाज एक पट्टी वर चढतो.

इथून सगळा नकाशा उघडा पडतो. पश्चिमेकडे माळ. खाली नळदुर्ग गावाची घरं, मशिदीचे मिनार, मंदिरांची शिखरं. किल्ल्याला बिलगून मातकट पाण्याचा रुंद फुगवटा. समोर, पाण्याच्या पलीकडच्या तीरावर, दुसरा छोटा किल्ला, रणमंडळ. या दोन किल्ल्यांना जोडणारी जाड दगडी भिंत म्हणजेच बांध. भिंतीच्या अलीकडे पाणी निवांत आहे, एक काडीही हलत नाही. पलीकडे मात्र पांढऱ्या तुषारांचा लोट उठलाय. पाण्याची पातळी आणि दरीचा तळ यांत सहा-सात मजल्यांचा फरक असावा, तो इथून एका नजरेत भरतो.

"शत्रू आला तर त्याला आधी पाणी लागणार," आजींचा मुलगा बायकोला समजावतोय. "आणि आतल्यांना वेढा पडला तरी पाणी संपणार नाही."

त्यानं नेमकं धरलंय. हा पट्टा विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्या ओढाताणीतला. सोलापूर, परांडा, नळदुर्ग हे किल्ले या हातातून त्या हातात जात राहिले. अशा ठिकाणी तटाइतकीच पाण्याची किंमत. दुसरा इब्राहिम आदिलशहा, १५८० ते १६२७ असा दीर्घकाळ विजापूरच्या गादीवर असलेला, संगीताचा शौकीन सुलतान. त्याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांधाच्या पोटात पाणी महाल उभा राहिला. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन असं सांगितलं जातं. महालातल्या फारसी शिलालेखाचा आशय असा की, हे काम बघून मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी.

बुरुजावरून उतरून बांधाकडे निघालो की वाट ओल्या गवतातून जाते. कडेला पडक्या इमारतींचे चौथरे, अर्ध्या कमानी, त्यांच्या फटींतून फुटलेले पिंपळ. इथली बारादरी दाखवून एक शिक्षक आपल्या वर्गाला मेडोज टेलरची गोष्ट सांगतायत. हा इंग्रज अधिकारी १८५३ पासून चार वर्षं या भागाचा कारभार बघत होता आणि नळदुर्गला राहत होता. ठगांवरची कादंबरी त्यानं त्याआधीच, १८३९ मध्ये लिहिली होती. आत्मचरित्रात त्यानं या किल्ल्याबद्दल नि बांधाबद्दल मन लावून लिहिलंय.

"सर, तो पण धबधबा बघायला यायचा?" मागच्या रांगेतून प्रश्न येतो.

"अरे, त्याच्या घरातनंच दिसत असेल," सर हसतात. वर्ग त्या माणसाच्या नशिबावर मनापासून जळतो.

आवाज आता पायाखालून येतोय. आधी घरघर, मग घोष, मग बोलणं ऐकू येईनासं होतं. तटाच्या कठड्याशी माणसांची तिहेरी भिंत झालीय. मी कडेनं वाट काढत पुढे सरकतो आणि एकदम समोर येतात ते दोघं. बांधाच्या अंगावर थोड्याथोड्या अंतरावर दोन लोंढे. एक अरुंद, जोरकस, दगडाला जवळजवळ न शिवता खाली जाणारा. दुसरा रुंद, पायरीपायरीवर फुटणारा. रंग दोघांचाही दाट चहाचा, कारण पाणी काळ्या रानातून आलंय. खाली आपटल्यावरच ते पांढरं होतं. उन्हाची तिरीप तुषारांत शिरली की एक तोकडं इंद्रधनुष्य उमटतं, वाऱ्यानं पुसतं, परत उमटतं. दर वेळी कठड्यावरून तोच ओरडा उठतो.

नर कुठला नि मादी कुठली, यावर माझ्या शेजारी दोन मित्रांत जुंपलीय.

"जोरात पडायलाय तो नर, सरळ हाय की बे."

"का? बाईला जोर नसतोय व्हय?" त्यांच्यासोबतची मुलगी मधेच विचारते, आणि वाद तिथंच मिटतो.

बांधावरून पाणी महालाचा जिना खाली उतरतो. तोंडाशी शिट्टी घेतलेला रखवालदार उभा आहे. पाणी जास्त असलं की हा जिना बंदच ठेवतात. आज ओघ बेताचा, म्हणून थोडेथोडे लोक सोडतायत. "मोबाईल खिशात, पोरं हातात," तो प्रत्येक घोळक्याला तेच सांगतो. रणमंडळाकडे जाणारी वाट मात्र आज अडवली आहे. तिकडे निघालेल्या चार पोरांना तो एक लांब शिट्टी मारून परत आणतो.

जिना अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस मावतो. पाचव्या-सहाव्या पायरीला उन्हाची झळ संपते, दगडाचा गारवा तळव्यांतून वर चढतो. वटवाघळांचा उग्र वास, ओल्या चुन्याचा वास. डोळे अंधाराला सरावेपर्यंत हात भिंतीवर ठेवून चालावं लागतं. मग एका कमानीतून आपण एका छोट्या दालनात उतरतो आणि जागच्या जागी थांबतो.

समोर सज्जा आहे. सज्ज्याच्या बाहेर पाणी कोसळतंय. माथ्यावर, बाजूंना, सगळीकडे नदी आहे आणि आपण तिच्या भिंतीच्या आत कोरडे उभे आहोत. पाय ठेवलाय ती फरशी कोरडी. हात टेकवलाय तो चिरा गार आहे, पण त्याला पाझर नाही. छताच्या नक्षीला कुठंकुठं बुरशी धरलीय, एवढंच. बाहेरचा उजेड पाण्यातून गाळून आत येतो आणि सगळ्यांचे चेहरे हलत असल्यासारखे दिसतात. बोलून उपयोग नाही. माणसं खुणा करतात, हसतात, एकमेकांच्या कानाला तोंड लावतात. एक छोटी मुलगी सज्ज्यातून हात बाहेर काढायला धावते, बाप तिला बखोटीला धरून मागे ओढतो आणि मग न राहवून स्वतःच हाताचा पंजा पुढे करून चार थेंब तिच्या गालाला लावतो.

"चारशे वर्षं झाली, एक थेंब गळत नाही," एक बाई माझ्या कानाशी ओरडतात. "आणि आमच्या नव्या फ्लॅटची गॅलरी पहिल्याच पावसात गळती!"

त्यांच्या मागे स्थापत्य शाखेचे दोन विद्यार्थी भिंतीची जाडी वितीनं मोजायचा प्रयत्न करतायत. त्यांचं बोलणं जिना चढताना कळतं. धरणाच्या भिंतीत पोकळी ठेवणं म्हणजे ती कमजोर करणं, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. इथं ती पोकळी ठेवून, तिला खिडक्या पाडून, वरून पूर सोडूनही भिंत उभी आहे. पाण्याचा दाब कुठून येणार, सांडवा कुठं काढायचा, पडणारा झोत भिंतीच्या पायापासून किती लांब गेला पाहिजे, हे सगळं आधी कुणीतरी डोक्यात मांडलं असणार. नर आणि मादी ही त्या मांडणीची दोन तोंडं. नदीनं ही उडी स्वतः शोधलेली नाही. ती तिला आखून दिली आहे.

वर आल्यावर ऊन पुन्हा डोक्यावर आदळतं. बांधापासून थोडं दूर, तटाच्या सावलीत पंगती बसल्यात. स्टीलचे डबे उघडतात: कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे, घट्ट दही, कुणाकडं भरली वांगी. मला जागा देणारे काका अक्कलकोट तालुक्यातले. सोबत मुलगा, सून, नातवंडं. ते स्वतः मात्र धबधब्याकडे पाठ करून, वरच्या फुगवट्याकडे तोंड करून बसलेत.

"काका, धबधबा तिकडं आहे," मी म्हणतो.

"बगितला की. त्याचं काय बगायचं लई येळ?" भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणतात. "हे पाणी आमच्याकडं येणार. खाली कुरनूर धरण हाय, त्यात. हितं किती पडायलंय त्यावरनं कळतंय मला, यंदा ऊस लावायचा का हरभऱ्यावर भागवायचं."

"मग यंदा?"

काका पुन्हा एकदा पाण्याकडे बघतात. "यंदा लावायचा."

सून हसून सांगते की घरात फोनवर धरणाचे आकडे रोज येतात, तरी मामंजींना इथं येऊन बघितल्याशिवाय पटत नाही. काकांना ते मान्य आहे. आकडा आकड्याच्या जागी, म्हणतात. पण मग त्यांचा सूर बदलतो. २०२० च्या ऑक्टोबरात हीच बोरी त्यांच्या भागात गावांत शिरली होती. उभी पिकं, जनावरं, काठची माती वाहून गेली. "पाणी नसलं तरी मरण, आणि लई झालं तरी मरण. असं धिरानं येतंय तवर बरं." २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं सोलापूर जिल्ह्यात जे केलं तेही सगळ्यांच्या बोलण्यात येतं. पंगतीत क्षणभर शांतता पसरते, मग सून सगळ्यांच्या पानात चटणी वाढते.

जेवण झाल्यावर तटाच्या कडेकडेनं चालणं हाच या जागेचा खरा ट्रेक. तीनेक किलोमीटरचा हा फेरा फार कुणी करत नाही, त्यामुळे पाच मिनिटांत गर्दी मागे पडते. गवत गुडघ्याएवढं, मधून मधून तरवड पिवळा फुललेला. पाय टाकण्याआधी काठी आपटावी, हे इकडचं पोरगंही सांगतं. एका बाजूला तट, त्यातल्या जंग्यांमधून दिसणारे दरीचे हिरवे तुकडे. दुसऱ्या बाजूला कोरडे हौद, ढासळलेल्या भिंती. पुढे नवबुरूज येतो. कमळासारख्या नऊ पाकळ्यांचा तो आकार खालून नीट कळत नाही, वर उभं राहून कडेनं फिरलं की कळतो. प्रत्येक पाकळीतून मारा वेगळ्या दिशेला करता येतो.

इथून महामार्ग दिसतो, बोरीवरचा पूल दिसतो. त्या पुलाचीही एक सप्टेंबरातलीच गोष्ट आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरच्या बाजूनं भारतीय सैन्य हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. हा पूल उडवला गेला असता तर भर पावसाळ्यात सगळी फौज नदीच्या अलीकडे अडकली असती. सैन्यानं तो धडधाकट ताब्यात घेतला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. पाच दिवसांत संस्थान शरण आलं. किल्ल्याच्या रक्षणाला लावलेली नदी त्या दिवशी कुणालाच अडवू शकली नाही.

तीन वाजता परत बांधाशी येतो तेव्हा गर्दी दुप्पट झालीय आणि रखवालदाराचा घसा बसलाय. कठड्यावर चढून मोबाईल लांब धरणाऱ्या तरुणाला तो खाली उतरवतो, दोन मिनिटांनी दुसरा चढतो. दगडावर शेवाळाचा हिरवा थर आहे, चपलांचे तळ गुळगुळीत आहेत, खाली खोल दरी. माणसं मात्र पडद्यात बघत पाऊल मागे टाकतात. महालाच्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेली नावं, बदामातले बाण, सालं. बांधाच्या फटीत कोंबलेली चिप्सची पाकिटं. तटावर रुजलेल्या एका पिंपळाची मुळं दोन चिऱ्यांच्या मधे बोटभर शिरली आहेत. पुराचा धक्का या भिंतीनं चार शतकं पेलला. मुळाचा आणि खिळ्याचा धक्का हळू असतो, म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. डागडुजी होते, हिरवळ लावली जाते, पण एवढ्या लांब तटाची झाडं काढायची तर ते दर वर्षीचं, न संपणारं काम आहे, आणि भिंतीवर नाव कोरणाऱ्याचा हात धरायला प्रत्येक कमानीत शिपाई उभा करता येत नाही.

सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाला धबधबा बघायला सह्याद्रीत जावं लागतं, ही तक्रार आपण नेहमी करतो. पण येडशीजवळचं रामलिंग आहे, नळदुर्ग आहे, आणि दोन्ही जागा आपापल्या मोसमात भरभरून देतात. नळदुर्गचं मोल मला जास्त वाटतं, कारण कमी पावसाच्या मुलखात पाणी कसं धरावं, कसं वळवावं आणि उरलेलं कसं खाली सोडावं, याचा हा चालता धडा आहे. इथलं सौंदर्य हिशोबातून आलंय.

यायचं असेल तर निघण्याआधी बोरी धरण भरलंय का, एवढं विचारा. बहुतेक वर्षी ते ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत कधीतरी भरतं, काही वर्षी भरतच नाही. रविवार टाळा, सकाळी लवकर पोचा, तळाला पकड असलेले बूट घाला, जिना बंद असेल तर रखवालदाराशी वाद घालू नका. आधी उपळी बुरूज, मग बांध, मग तटाचा फेरा, अशा क्रमानं चाला. आणि धरण न भरलेल्या वर्षीही एकदा या, कारण बांधाची भिंत पायापासून माथ्यापर्यंत तेव्हाच पूर्ण दिसते.